धाब्यावरून पाहिलेला पिच्चर

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६. रात्री जेवण न करता.
डोकं फिरलंय. टीव्हीवर आज पुन्हा तसलाच पिच्चर. हिरो पाकीटमार, हिरोईन इन्स्पेक्टरची पोरगी, हार चोरीला, मध्ये एक खून, मध्ये गाणीच गाणी. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की खुनी मुनीम आहे. निघाला मुनीमच! कौतुक राहिलं बाजूला, वामन मास्तर ताडकन उठला. म्हणे, गिरधर, तुझ्याकडे पिच्चर पाहणं म्हणजे जेवायच्या आधी आंचवणं. चपला घातल्या आणि गेला थेट सुपडूकडे. सुपडूचा टीव्ही रंगीत ना! आमची लहानपणापासूनची दोस्ती, आणि गेला.
हा पिच्चर मी जळगावला थेटरात एकदा पाहिला होता, हे खरं. पण त्याचा इथं काही संबंध नाही. डोकं लागतं.

सोमवार, १० नोव्हेंबर.
वामन चहाला आला नाही. रोजचा त्याचा चहा आमच्या ओट्यावर असतो. मंगलानं सवयीनं दोन कप ठेवले. दोन्ही मीच प्यालो, रागात. गोड लागला नाही.
संकल्प : येत्या रविवारी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मंगलाला सांगितलं तर म्हणते, अहो, मग तोंडात सुपारी धरून बसा. संसार झाला सगळा, तरी विश्वास नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
मंगला वामनच्या घरी जाऊन आली. काय बोलणं झालं सांगत नाही, नुसती हसते. पण तो रविवारी येणार. मला माहीतच होतं. करमत नाही त्याला माझ्याशिवाय.

रविवार, १६ नोव्हेंबर.
वामन आला! शेजारची धुरपदाबाईही आली. मी तोंड शिवून बसलो. एकदाच फक्त म्हणालो, त्या मावशीवर नजर ठेवा. हे काही सांगणं नव्हे, सूचना. तेवढ्यात मंगला म्हणाली, चित्र हलतंय हो, धाब्यावर जाऊन अँटेना फिरवा. मला हललेलं दिसलं नाही, पण चष्मा जुना झालाय. शिडीनं चढलो छतावर.
खालून वामन ओरडला, थोडा और! धुरपदाबाई म्हणाली, भाऊ, जरासा चांदनी गावाकडे! मग म्हणे शाहपूरकडे! शेवटी मंगला, आता हलवू नका, धरूनच ठेवा! पिच्चर संपेपर्यंत दांडा धरून उभा होतो. थंडीनं बोटं आखडली. खाली हशा चालला होता, म्हणजे चित्र फर्स्ट क्लास आलं असणार. माझ्याशिवाय या लोकांचं पान हलत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
वामन चहाला आला. म्हणाला, लई दिवसांनी असा निवांत पिच्चर पाहिला. शेवटी पकडीचा प्रश्न असतो. अँटेना धरणं सगळ्यांना जमत नाही. सुपडूला शिकवावं का? नको. मरू दे.

रविवार, २३ नोव्हेंबर.
राग, राग, नुसता राग.
आजही धाब्यावर उभा. मध्येच खाली देशाच्या एकात्मतेचं काहीतरी लागलं, म्हणून पाणी प्यायला उतरलो. ते संपून पिच्चर पुन्हा सुरू. दारातून पाहतो तर चित्र आरशासारखं स्वच्छ. आणि वर अँटेना कोणीच धरलेला नाही! वामन शेंगा सोलता सोलता, मान वर न करता ओरडतोय, थोडा और घुमाव, गिरधर! मंगला पदर तोंडाला लावून हसतेय. माझा टीव्ही, माझ्या शेंगा, माझीच बायको.
वर गेलो आणि खरंच फिरवला, गरागरा. खाली पडद्यावर मुंग्याच मुंग्या. आता ओरडले ते मनापासून. मग मीच घाबरलो, कारण चित्र परत येईना. तेही ऐन खुनी सापडायच्या वेळी.
सगळे वर आले. वाटलं, संपलं, आता वामन कायमचा सुपडूचा. तर तो माझ्याजवळ धाब्यावर बसला आणि म्हणाला, चित्र तर गेलं. आता तूच सांग, खुनी कोण?
वामननं विचारलं! स्वतःहून! मग मी सांगितलं, सविस्तर. शेठचा खून मामानं केला, हार देवीच्या मूर्तीत लपवला, इन्स्पेक्टर हिरोचा हरवलेला भाऊ. धुरपदाबाईनं डोळे पुसले. मंगला शेजारी टेकून ऐकत होती. सुपडूच्या टीव्हीला हे रंग जमायचे नाहीत.

सोमवार, २४ नोव्हेंबर.
सकाळीच सुपडू ओट्यावर. कोणी बोलावलं होतं याला? सांगत सुटला : खून झालाच नव्हता म्हणे. मेलेला शेठ शेवटी पोरीच्या लग्नात पंगत वाढतो. मामा बिचारा देवमाणूस. हार हिरोईनच्याच ट्रंकेत.
धुरपदाबाई म्हणाली, भाऊ, माझं रडणं परत करा. वामन इतका हसला की चहा बशीबाहेर. म्हणाला, गिरधर, पुढच्या रविवारी खुशाल खाली बस, पाहिजे तेवढं बोल. तू नाव घेशील तो माणूस सुटला, एवढं आता पक्कं कळलं.
मी कोणाशी बोलणार नाही. अजिबात.
दुपारी मंगलानं चुलीपाशी बसून विचारलं, अहो, आज भाजी कोणती, ओळखा बघू. वास घेतला. वांगी, म्हणालो, ठामपणे.
गिलके निघाले.