अकरा नावांपुढचं अक्षर

नारीन, १९ सप्टेंबर

प्रिय सैकाल एजे,

आईच्या दुसऱ्याही डोळ्याची पट्टी निघाली आणि ती सुईत दोरा ओवायला लागली, हे तिनेच फोनवर सांगितलं. बिश्केकच्या शिवणकारखान्यात तुला आता कॉलर लावायच्या कामावर घेतलंय, हेही. तू फोनवर येतेस तेव्हा आपण दोघी हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहायला बसले. हा चौथा कागद आहे.

कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले. मला तुझी खोली दिलीय, तुझा हस्ताक्षराचा तास आणि तुझाच वर्ग, आता दुसऱ्या वर्षाचा. पुढे गावोगावच्या शाळांत लहान पोरांचे हात धरून या मुली अक्षरं शिकवणार, पण आत्ता त्यांना तासाला न बसता सगळं हवंय. मी तुला थोरली बहीण म्हणून एजे म्हणते, त्या आता मला बाई म्हणून एजे म्हणतात. पहिल्याच सोमवारी वर्गप्रमुख मीरिम टेबलाशी येऊन उभी राहिली. "एजे, घरी बटाटे काढायला घेतलेत. आम्ही नऊ जणी दोन आठवडे येत नाही. तुम्ही तेवढी हजेरी लावून टाका." मी नाही म्हटलं. मंगळवारी त्यांना परीक्षेचे प्रश्न आत्ताच हवे होते, "म्हणजे पाठ करायला वेळ मिळेल." बुधवारी शनिवारचा तास नको होता. त्यालाही नाही म्हटलं, तर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "एवढं कडक राहून कसं चालेल एजे, तुमच्या आईला जावई मिळायचा नाही." सगळा वर्ग हसला. मीही हसायला हवं होतं का, याचाच विचार करत बाजारातून चालत आले आणि नान घ्यायचा राहिला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण प्रत्येक मागणीच्या शेवटी मीरिम हळूच, गोड आवाजात एक वाक्य जोडते, "मागच्या वसंतात झालं होतं ना, तसंच."

मागच्या वसंतात काय झालं ते कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. अकरा मुली सराव पाठांसाठी गावच्या शाळेत गेल्याच नाहीत, तरी नोंदवहीत त्यांच्या नावांपुढे 'सर्व पाठ पूर्ण' असं लिहिलेलं निघालं, आणि तुला नोकरी सोडावी लागली.

वर्गात कुणी "एजे" म्हणून हाक मारली की अजून माझी मान दाराकडे वळते, तू आलीस असं वाटून. फळ्याशी तर फार वाईट होतं. मी लिहीत असते आणि खडूखालून तुझं अक्षर निघतं. शेवटच्या अक्षराची वर वळलेली शेपटी, शब्दांमधलं एका बोटाचं अंतर, सगळं तुझं. परवा वर्गातली बेगिमाय म्हणाली, "फळ्याकडे पाहिलं की सैकाल एजेच येऊन गेल्यात असं वाटतं." मी फळा पुसला. मग पुन्हा लिहावंच लागलं, आणि पुन्हा तूच आलीस.

दुसरं अक्षर मला येणार तरी कुठून? आपण राहायचो त्या हिवाळी गोठ्यावरून खाली जायचा रस्ता बर्फाने बंद असायचा, नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती. तू बुटक्या टेबलावर पीठ पसरायचीस, माझ्या मुठीवर तुझी मूठ ठेवायचीस आणि आपण दोघी मिळून एकच रेघ ओढायचो. चुकलं की तू पीठ हाताने सपाट करायचीस. रागावली नाहीस कधी. "पीठ आहे गं, पुन्हा लिही," एवढंच म्हणायचीस. आई ओरडायची, "अगं, त्याच्या रोट्या करायच्यात मला!"

एप्रिलमध्ये तू आईला पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी घेऊन गेलीस आणि जाताना मला म्हणालीस, कॉलेजच्या कार्यालयात कामाला आहेसच, तर माझ्या कपाटाकडे लक्ष ठेव. चौथ्या दिवशी मीरिम दहा जणींना घेऊन आली. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, त्यांना घरी जायचं होतं. बेगिमाय रडत होती, तिच्या घरी कोकरांना बाटलीने दूध पाजायला दुसरं कुणी नव्हतं. एक जण म्हणाली, "सैकाल एजे असत्या तर समजून घेतलं असतं." तू समजून घेतलं असतंस, आणि लिहून दिलं नसतंस. तेव्हा मला एवढाच फरक कळला नाही. त्यांच्या तोंडून तुझ्यासारखं माझं नाव निघावं, एवढीच हाव होती. मी कपाट उघडून नोंदवही काढली. अकरा ओळी लिहायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

पुढे गावच्या मुख्याध्यापकांचं पत्र आलं आणि चौकशी बसली. मी त्या खोलीत इतिवृत्त लिहून घेत होते. संचालकांनी वही तुझ्यापुढे सरकवली. तू पान पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस, जेमतेम पापणी लवेपर्यंत, आणि म्हणालीस, "अक्षर माझंच आहे." मी ते वाक्य लिहून घेतलं, एजे. तुझ्याच अक्षरात लिहून घेतलं आणि खाली सही केली.

काल मीरिमने नऊ नावांची यादी टेबलावर ठेवली आणि हजेरीची कोरी वही उघडून माझ्यापुढे धरली. माझा हात पेनाकडे गेला. हे तुला सांगायलाच हवं, तो गेला. मग मी यादी तिला परत दिली आणि अर्ज लिहायला बसले. त्यात एप्रिलचे दिवस, कपाटाची किल्ली आणि अकरा नावं लिहिली आहेत. पुढच्या सोमवारी, हे पत्र तुला पोचलं असेल तेव्हा, तो संचालकांच्या हातात देणार आहे. ते मानणार नाहीत, बहीण बहिणीला वाचवतेय म्हणतील, कारण दोन्ही अक्षरं शेजारी ठेवली तरी कुणाला वेगळी करता येणार नाहीत. खरं फक्त मला, त्या अकरा जणींना आणि तुला माहीत आहे. त्या बोलणार नाहीत. सोमवारी खरंखोटं विचारायला तुला कॉलेजातून फोन येईल. तुझ्यापुढे वही नसेल, माझा चेहराही नसेल. या वेळी मला पाठीशी घालू नकोस. ते अक्षर तुझं नव्हतं, एवढंच सांग.

अजूनही तुझ्याच अक्षरात,
तुझी जिपार