राहिलेली गिरकी

रविवार, १४ ऑक्टोबर
दुपारचे चार

दादा,

नमस्कार. तू बरा असणार, कारण वहिनी म्हणते तू व्यवस्थित जेवतोस आणि त्याहून व्यवस्थित भांडतोस. मीही ठीक आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. विजेचं बिल समजून का होईना, उघडशील.

आधीच सांगून टाकते, गेल्या वर्षीच्या शर्यतीबद्दल माफी मागायला मी लिहीत नाहीये. ती शोधत खाली खाली वाचत जाशील आणि चिडशील, त्यापेक्षा आत्ताच चिडून घे.

इकडची खबरबात अशी. लॅबमध्ये काम भरपूर. या आठवड्यात एका निवृत्त बँडमास्तरांची कवळी करत होते. त्यांचा वरचा एक दात पहिल्यापासून वाकडा होता, तर नव्या कवळीतही तो तसाच वाकडा हवा म्हणाले. सरळ दातांनी त्यांना स्वतःचं हसू ओळखू येईना. तीनदा साचा केला. तिसऱ्यांदा आरशात बघून म्हणाले, "हां, हा मी." दातांच्या कामात असं समाधान क्वचित मिळतं.

आपली होडी चांगली आहे. तळ खरवडून घेतला, चीर बुजवली. पुढच्या शिडाचा दोर बदलला. तू मारलेली गाठ सुटेना, म्हणून कापली. रागावू नकोस, गाठ तुझी असली तरी दोर दोघांचा होता.

आज हंगामातली चौथी शर्यत झाली. मी सहावी आले. सुकाणूवर मी होते. हो, मागे. बावीस वर्षं तुझ्या पुढे बसून दोर ओढले, आता मागे बसून बघितलं. तिथून सगळं वेगळं दिसतं. मुख्य म्हणजे पुढच्या माणसाची पाठ दिसते. माझी पाठ तू बावीस वर्षं बघितलीस, तरी त्या पाठीला काय लागलं होतं ते तुला कधी कळलं नाही. त्याच्याकडे येते.

वहिनी सांगत होती, गेल्या वर्षीचा विषय निघाला की तू अजून पाहुण्यांसमोरही म्हणतोस, "सख्ख्या बहिणीने बुडवलं." म्हणून तो दिवस एकदा नीट लिहून काढते, म्हणजे पाहुण्यांना तरी बरोबर सांगशील.

आपण पहिले होतो. पाण्यात तरंगणाऱ्या वरच्या बोयाला वळसा घालताना शिडाच्या आडव्या दांड्याचं टोक बोयाला लागलं. टक्क आवाज आला. तू ऐकलास, मी ऐकला. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "काही नाही झालं. ओढ." मी ओढलं. पहिले आलो. तू शिट्टी ऐकून दोन्ही हात वर केलेस. काठावर आल्यावर मी सरळ वेळ नोंदवायच्या खोलीत गेले आणि शिट्टीबाईंना म्हटलं, "आमची होडी काढून टाका. बोयाला लागलो होतो, गिरकी घेतली नाही." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि आपल्या नावावर रेघ मारली.

बाहेर तू उभा होतास. "तुला कोणी विचारलं होतं?"

कोणीच नाही. आपल्या खेळात कोणी विचारत नाही, हीच तर गोष्ट आहे. पाण्यावर पंच नसतो. बोयाला होडी, शीड की अंग, काहीही लागलं तर बाजूला व्हायचं, होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची, मग पुढे जायचं. नाही घेतली तर स्वतः येऊन सांगायचं. बघणारं कोणी असो नसो. पहिल्या दिवशी हे मला तूच शिकवलंस. होडी शिकवताना तुझा आवाज गाडी शिकवतानाच्या आवाजापेक्षा अर्धा असायचा, म्हणून माझ्या नीट लक्षात राहिलं.

मग तू ते वाक्य बोललास. सगळ्यांसमोर, ओल्या कपड्यांत, बोट रोखून. "एवढी खरी होतीस तर इतकी वर्षं कुठे होतीस, ठमे?"

दादा, तू ते रागात बोललास. तुला काही माहीत नव्हतं. पण नेम असा बसला की मला वर्षभर उत्तर देता आलं नाही. तुला वाटलं मी ताठ्याने गप्प आहे. ताठा होता, नाही असं नाही. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं.

अकरा वर्षांपूर्वीचा कप आठव. आपण जिंकलेला एकुलता एक. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर, परवान्याच्या अर्जांशेजारी असतो तो. त्या शर्यतीआधी बोयांना नवा रंग द्यायची पाळी तुझी होती. तू आदल्या दिवशी दिलास. डब्यावर लिहिलं होतं, वाळायला दोन दिवस लागतात. डब्यावरचं तू कधी वाचलं आहेस?

शेवटचं वळण. खालचा बोया. आपण पुढे, जनावरांचे डॉक्टर आणि त्यांची बायको मागे, चार होड्यांच्या अंतरावर. वळताना वारा एकदम भरला आणि तू ओरडलास, "बाहेर! बाहेर!" मी कंबरेपासून मागे बाहेर झुकले, आणि माझ्या पाठीला काहीतरी गार, गुळगुळीत घासून गेलं. तू वर शिडाकडे बघत होतास. मागच्यांना आपलं शीड आडवं येत होतं. कोणी बघितलं नाही. मला कळलं. एका क्षणात कळलं, आणि मी तोंड उघडलं, आणि तू गायला लागलास. तुला सूर नाही, पण गात होतास. मी तोंड मिटलं.

तुझ्यासाठी गप्प बसले असं लिहायला सोपं आहे. दोनदा तसं लिहिलं आणि कागद फाडले. मलाही जिंकायचं होतं, दादा. लोकांनी विचारावं की पुढे कोण होतं, असं मला फार वाटत होतं. तू म्हणायचास, पुढच्याने बोलायचं नाही, फक्त ओढायचं. त्या दिवशी तुझं ते वाक्य मला फार सोयीचं पडलं.

घरी येऊन लाइफ जॅकेट काढलं तर पाठीवर वीतभर नारिंगी डाग. रंग कच्चा होता ना. रॉकेलने घासला, फिकट झाला, गेला नाही. मग मी नवं जॅकेट घेतलं आणि तुला सांगितलं, जुन्याची चेन बिघडली. तू म्हणालास, "जिंकल्या जिंकल्या थाट सुरू झाला बाईंचा!" आठवतंय? सगळे हसले. मीही हसले. जुनं जॅकेट पलंगाखालच्या पेटीत अकरा वर्षं पडून होतं. चेन उत्तम आहे.

तर गेल्या वर्षी टक्क आवाज झाला तेव्हा मी कुठून बोलले, ते आता तुला समजेल. दुसरं जॅकेट लपवायला माझ्याकडे जागा नव्हती.

तुझ्यापासून हे लपवलं, त्याची माफी मागते. कप तू खरा समजून पुसत राहिलास आणि मी बघत राहिले. एवढी एकच माफी. बाकी एका शब्दाचीही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी डॉक्टरांकडे गेले. ते एका मांजरीची नखं कापत होते. मी दारातूनच म्हटलं, "डॉक्टर, अकरा वर्षांपूर्वीचा कप तुमचा होता."

"आधी मांजर धर," ते म्हणाले. "मागून धर. पुढून चावते."

मांजर धरून मी सगळं सांगितलं. ते एकेक नख कापत होते. चौथा पंजा झाला, कात्री पुसली. मग म्हणाले, "कपाचं मला काही नाही गं. पण ती त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, माझ्यामुळे हरलो. शेवटच्या वळणावर तिच्या हातातला दोर अडकला होता. दर हंगामात एकदा तरी त्या दोराचा विषय काढायची. मी म्हणायचो, सोड आता. सोडलं नाही शेवटपर्यंत."

तीन वर्षं झाली बाईंना जाऊन. तुला माहीतच आहे, आपण दोघंही गेलो होतो भेटायला. मी त्यांच्या घरातला चहा प्यायले होते.

डॉक्टरांनी मांजर पेटीत घातली, झाकण लावलं. "आता कोणाला सांगू मी हे?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन. "सुकाणू तू धरणार असशील तर मी पुढे बसतो. गुडघा गेलाय, पण हात शाबूत आहेत. ते वळण एकदा तिच्या जागेवरून बघायचंय."

म्हणून आज माझ्या पुढे डॉक्टर होते. आणि मी जुनं जॅकेट घातलं होतं, डागासकट. शिट्टीबाईंनी विचारलं, "हे काय लागलंय पाठीला?" मी सांगितलं. मग दुसऱ्याने विचारलं, त्यालाही सांगितलं. सुरुवातीची शिट्टी होईपर्यंत सगळ्या काठाला माहीत झालं होतं. कोणी कोणी नजर चुकवली. एक जण म्हणाला, "इतक्या वर्षांनी कशाला उकरता?" मी म्हटलं, "उकरत नाहीये, अंगात घातलंय."

दुसरे होतो आम्ही, दादा. खालच्या बोयापर्यंत दुसरे. तोच बोया, तसाच वारा. घाईने वळवली आणि होडीचा मागचा कोपरा घासला. अगदी किंचित, आवाजही नाही.

"लागलं," मी म्हटलं.

"कुठे? मला नाही दिसलं!"

"सुकाणूवर हाताला कळलं. सांभाळा, गिरकी घेते."

बाजूला झाले, पूर्ण गोल फिरवली. एका बाजूचं पाणी आत आलं, डॉक्टर नखशिखांत भिजले, दोन होड्या शेजारून निघून गेल्या. डॉक्टर तोंडावरचं पाणी पुसत ओरडले, "अगं, अकरा वर्षांपूर्वीची आज घेतेस की काय!" आणि हसायला लागले. हसता हसता थांबले आणि बोयाकडे मान वळवून बघत राहिले. मी दोर ओढा म्हणून सांगितलं नाही; आणखी दोन होड्या गेल्या. सहावे आलो त्यात निम्मा वाटा त्या थांबण्याचा आहे, आणि तो मला मंजूर आहे.

आता तुझ्याकडून काय हवं ते. क्लबच्या चहाच्या काउंटरवरचा विजेत्यांचा लाकडी फलक तुला पाठ आहे, दर वर्षी त्याच्याखाली उभा राहून फोटो काढतोस. शर्यत संपल्यावर मी सेक्रेटरींना म्हटलं, त्या वर्षाच्या ओळीतून आम्हाला काढा आणि डॉक्टर व त्यांच्या पत्नीची नावं घाला. ते म्हणाले, "निकाल बदलायचा तर सुकाणू धरणाऱ्याची सही लागते. पुढे बसणाऱ्याची चालत नाही."

"माझं स्वतःचं नाव तरी मला काढता येईल ना?"

"अहो, पेंटर पुढच्या महिन्यात येतो. आणि बरं दिसेल का ते?"

मी बॅगेतून प्लास्टर खरवडायची सुरी काढली आणि स्टुलावर चढले. सेक्रेटरी "अहो, अहो" म्हणत राहिले, पण स्टूल त्यांनीच धरलं. सोनेरी अक्षरं वाटतात तितकी खोल नसतात. पाच मिनिटांत माझं नाव निघालं. खाली उतरून बघितलं. आता त्या ओळीत तुझं एकट्याचं नाव आहे. दोन माणसांची होडी एकाने जिंकली, असं दिसतं. शिट्टीबाई म्हणाल्या, "त्याला आवडेल की." मी म्हटलं, "नाही आवडणार. तुम्ही त्याला ओळखत नाही."

मी ओळखते असं समजून सोबत अर्ज पाठवते आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. पेन तुझ्या कानावर असेलच.

सही केली नाहीस तर मी दर रविवारी हेच जॅकेट घालून येईन आणि कोणी विचारलं की सांगेन. विचारणारे संपले तर न विचारता सांगेन. माझा सगळा जन्म लोकांच्या तोंडात हात घालण्यात गेला, मला तोंडाची भीती नाही. तू बोलला नाहीस तरी चालेल, कप परत केला नाहीस तरी चालेल. पण एका बाईने जो दोर शेवटपर्यंत सोडला नाही, तो तिच्या हातातून सोडवायला तुझी एक सही लागते, हे आता तुला माहीत आहे. माहीत नव्हतं असं यापुढे म्हणता येणार नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

डॉक्टरांचा गुडघा सुजलाय. पुढच्या रविवारी ते काठावरून बघणार आहेत. शिट्टी अकराला. होडीत पुढची जागा रिकामी आहे. तुझ्या शिकवायच्या गाडीत असतो तसा दुसरा ब्रेक तिथे नाही, आधीच सांगते. बोलायला मात्र परवानगी आहे. काही लागलं तर लगेच बोलायचं.

मागे मी बसणार.

वहिनीला नमस्कार.

तुझीच,
ठमी
सुकाणूवरून