‘आपला तो’ आणि आपली ती

बिश्केक, २० जून

ती. बुरुलताईस,
कान्यकेईचा सा. न. वि. वि.

नमस्कार आधी पदरात घे, कारण पुढे सगळा संतापच आहे. आपल्या ‘कार्गा’ बँडचा नवा अल्बम आला. जुमाबेक ड्रायव्हरबरोबर पेनड्राइव्ह पाठवते आहे. तुमच्या कुरणावर फोन लागत नाही, म्हणून या वयात मला पत्रं लिहावी लागतात. तोही एक वैताग आहेच.

इतकी वर्षं वाट पाहायला लावली या नावाला जागणाऱ्या कावळ्यांनी, आणि हाती काय दिलं? पूर्वी रशियनमध्ये ओरडायचे, आता किरगिझमध्ये कुजबुजतात. गिटार कुठे आहे ते शोधावं लागतं. ड्रमवाला तर कुणाच्या तरी लग्नात वाजवतोय असं वाटतं. मी शिकवणीच्या गाडीत अल्बम लावला होता. आठवं गाणं सुरू झालं आणि शिकाऊ बाईने गाडी सरळ फुटपाथवर चढवली. मी तिला बोलले नाही, गाणाऱ्या कासिमला बोलले. ‘आपला तो, आपला तो, आला का आपला तो’ हेच धृपद, शेवटपर्यंत. अरे, कोण तो? शब्द सुचत नसेल तर गायकाने गप्प बसावं.

आपली जुनी मंडळी शनिवारी माझ्याकडे जमली होती. दातांचा डॉक्टर मारात म्हणाला, कावळे म्हातारे झाले की पारवे होतात. ऑगस्टमधल्या कार्यक्रमाला कुणीच जायचं नाही, असं ठरतंय.

अल्माकानची प्रवेशपरीक्षा झाली. माझ्याकडे ती ठीक आहे. तुझा विषय काढला की भांडी घासायला उठते. माझी भांडी इतकी लखलखीत कधीच नव्हती. ताई, शाळेच्या निरोपाच्या दिवशीचं तिच्या मनातून गेलेलं नाही. साऱ्या वर्गाची नावं तू माईकवर वाचलीस आणि पोटच्या पोरीपाशी येऊन ‘पुढची’ म्हणालीस. मी तिथे असते तर मीच माईक हिसकावला असता.

उत्तर धाड. घोडीच्या दुधाचा कुमिस धाडलास तर झाकण घट्ट लाव. मागच्या वेळी जुमाबेकची गाडी आठवडाभर घोडीसारखा वास मारत होती.

तुझी चिडकी, तरी लोभाची धनी,
कान्यकेई


सोनकोलचं कुरण, २९ जून

प्रिय कान्यकेईस,
अनेक आ. वि.

अल्बम ऐकला. यर्टच्या तंबूत ऐकायची सोय नाही, म्हणून गाडीत बसून ऐकला, आणि बॅटरी उतरली. शेजारच्यांच्या दोन घोड्यांनी गाडी ओढून उतारावर नेली तेव्हा ती सुरू झाली. तुझे भावोजी दोन दिवस माझ्याशी फक्त मेंढ्यांपुरतं बोलत होते.

पहिली चार गाणी मलाही रुचली नाहीत. गिटारबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे. पण आठव्या गाण्याबद्दल तुम्ही सगळे ठार चुकता आहात, आणि मारात तर जन्मापासून चुकतोच आहे.

कासिम हे म्हाताऱ्यांचं नाव आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही? आपल्या वयाच्या मुलाला हे नाव कोण ठेवतं? नक्की आजोबांचं असणार, म्हणजे त्याच्या आईच्या सासऱ्याचं. सून ती, सासऱ्याचं नाव कसं उच्चारील? कान्यकेई, ते गाणं आईच्या तोंडचं आहे. दारात उभी राहून ती विचारते, आपला तो आला का. मुलाला हाक मारायला तिच्याजवळ दुसरा शब्दच नाही. धृपदाच्या शेवटी तो एकदा थांबतो बघ, तिथे एक नाव मावेल एवढी जागा आहे. ती त्याने रिकामी ठेवली आहे. मी गाडीत बसून रडले, आणि बॅटरी त्यामुळेच उतरली.

तुला हे कळायचं नाही. तू सासरी दोन हिवाळेही टिकली नाहीस. माझ्या छोटीला मामंजींनी त्यांच्या आईचं नाव दिलं. ते नाव सासूबाई घेत नाहीत, कारण ती त्यांची सासू. मी घेत नाही, कारण ती आजेसासू. त्या नावात ते फळ आहे म्हणून बाजारातसुद्धा मी ‘ते गोड गोल’ मागते, आणि फळवाला मला दरवेळी खरबूज देतो. हसू नकोस. शाळेत हजेरी घेताना तिच्यापाशी यायचे, तिच्याकडे बघायचे आणि खूण करायचे. मला वाटायचं, ते बघणं हीच हाक आहे.

छोटीला दूध दे. नको म्हणेल, तरी दे.

तुझ्या शिव्यांची सवय झालेली,
बुरुलताई


बिश्केक, ११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी कमाल आहे. ‘अल्मा’ म्हणायचं नाही म्हणून सफरचंदाऐवजी खरबूज खातेस. साधं टुकार गाणं, त्यालाही तू सासुरवास लावलास. तरीही शनिवारी मी मंडळींपुढे तुझं पत्र वाचलं. मारात चहा ढवळत म्हणाला, माझी आई माझ्या थोरल्या भावाला ‘दाराजवळचा’ म्हणायची. त्यानंतर तिथे अशी भांडणं झाली की शेजारच्यांनी भिंत ठोकली. निम्मे आता कार्यक्रमाला येणार म्हणतात. मी अजून नाहीच म्हणते आहे. गाण्यामागची गोष्ट चांगली असली म्हणून ड्रम सुधारत नाहीत.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. मी वाचत होते तेव्हा अल्माकान चहा देत होती. तिने सगळं ऐकलं. सगळे गेल्यावर शांतपणे म्हणाली, त्या कासिमला निदान एक गाणं तरी मिळालं. मग आत जाऊन एक कागद घेऊन आली. सप्टेंबरात अठराची झाली की ती नाव बदलायचा अर्ज देणार आहे. आयदाना हे नाव ठरवलंय. मला म्हणाली, मावशी, आईला विचारून घे, तिच्या सासरी या नावाचं आधीचं कुणी नाही ना. म्हणजे तिला म्हणता येईल.

मला वाटलं होतं, ती तुझ्यावर रुसून नाव टाकते आहे. तसं नाही, ताई. ती तुझी सोय बघते आहे.

तुझ्या सासऱ्यांना हे कळलं तर म्हातारा खचेल. त्यांना काय सांगायचं ते तू बघ. पण आधी तिचं बघ.

कान्यकेई


सोनकोलचं कुरण, २४ जुलै

प्रिय कान्यकेईस,
आ. वि.

आयदाना नावाचं आमच्यात कुणी नाही. तिला हे सांगू नकोस.

पाणी आणायला जाते तेव्हा ओढ्याशी तिचं आत्ताचं नाव म्हणून पाहते. पहिलं अक्षर येतं आणि मग जीभ मागे सरते, जशी गरम चहाला सरते. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, मुलांना व्याकरण शिकवते, आणि माझ्याने चार अक्षरं होत नाहीत. काल सासूबाईंना विचारलं, मी ते नाव घेतलं तर चालेल का. त्या लोकर विंचरत होत्या. म्हणाल्या, मला कशाला विचारतेस, मला कुठे येतं.

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, एवढंच ना, मग म्हणून टाक. यांना नावं घ्यायला कधी कुणी मनाई केली आहे का? मी दोन दिवस यांच्याशी फक्त मेंढ्यांपुरतं बोलले.

कार्यक्रमाला मी येते आहे. तुम्हा दोघींनाही यायचंय. तुझं नाही-बिही मला ऐकायचं नाही.

बुरुलताई


बिश्केक, १९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जुमाबेक आज तुला पोचवून परत आला. तू गाडीत सबंध वाटभर झोपलीस म्हणाला. झोपली नसशील, मला माहीत आहे.

कार्यक्रमाबद्दल माझं मत बदललेलं नाही. ड्रम वाईटच होते. कासिमचं पोट सुटलंय. आठव्या गाण्याला मारात हुंदके देत माझ्या नव्या जाकिटाला नाक पुसत होता, ते मी विसरणार नाही.

आता मुद्द्याचं. गर्दी पुढे रेटली आणि अल्माकान आपल्यापासून तुटली. कुणीतरी पडलं होतं, लोक ओरडत होते. तेव्हा तू हाक मारलीस. तीन हाका. पूर्ण नावाने, कुरणावरून कुत्र्याला बोलवावं तशी, शिरा ताणून. मी तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. तिला नाही आलं. स्पीकरच्या भिंतीशेजारी होती ती. मग तू घुसून तिचं कोपर धरलंस, आणि तिला वाटतं, आईने नेहमीसारखं कोपरच धरलं.

तुझ्या लक्षात तरी आलं का, ते मला माहीत नाही. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला सांगितलेलं नाही. जिभेवर आलं होतं, पण ते मी सांगायचं नाही. तिने अर्ज भरून टेबलावर ठेवलाय, त्यावर तुझी सही लागत नसतानाही तुझी वाट बघत.

आता आवाज नाही, गर्दी नाही. काय ते कर.

तुझ्यापायी हैराण,
कान्यकेई


सोनकोलचं कुरण, २७ ऑगस्ट

चि. अल्माकान हिस,
आईचे अनेक उ. आ.

वर लिहिलं आहे ते लिहिण्याआधी मी म्हणून पाहिलं. आजी समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, चहा ओतला, आणि पुन्हा एकदा म्हण म्हणाली. मी म्हटलं. मग तिने हळूच स्वतः म्हणून पाहिलं. तिला अर्धंच आलं.

अर्ज तुझा आहे, तुला हवं ते कर. आयदानासुद्धा मला म्हणता येईल, त्याचाही सराव करीन. पण ठरवण्याआधी एकदा घरी ये. मी खालच्या वळणावर उभी राहीन. जुमाबेकला तिथे गाडी बंद करायला सांगितलं आहे, म्हणजे तुला ऐकू येईल.

तुझी,
आई