ओ देणारं कोणी

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? ती अजून वहिनीला माझ्याच नावाने हाक मारते का?

तू आईसाठी पाहिलेल्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक मिळालं. फोटो छान आहेत. फोटो छानच असतात.

परवा मी अशाच एका ठिकाणी सरकारी तपासणीला गेले होते. कठडे घट्ट, फरशी चकाचक. एका आजोबांच्या पलंगावर पाकिटातल्या घड्याही न मोडलेली नवी चादर होती. स्वतःच्या मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण मला हळूच म्हणाले, "आज तपासणीवाले येणार वाटतं. चादर दिलीय." मी चादरीखाली हात घातला. गादी ओली होती.

त्यांच्या उशाची घंटी दाबली आणि घड्याळ लावून उभी राहिले. अकरा मिनिटं कोणी आलं नाही. घंटी उघडली तर आत बॅटरीच नाही.

व्यवस्थापिकाबाई हसल्या. "अहो मॅडम, दिवसभर दाबत बसतात हो! आणि कशाला दाबली तेही विसरतात."

हात तीनदा धुतले. गादीचा वास गेला. त्या हसण्याची शिसारी अजून जात नाही.

दादा, सही करण्याआधी तिथे न कळवता जा. घंटी दाब आणि थांब. आईने चुकीच्या नावाने हाक मारली तरी वहिनी ओ देते. तशी ओ देणारं तिथे कोणी आहे का, एवढंच बघ.

तुझी,
धाकटी