भट्टीला उकडतंय

एव्हलेथ, मिनेसोटा
शनिवार, २३ जानेवारी

प्रिय ऐली,

हे पत्र पोचेपर्यंत तुझा रविवारचा फोन होऊन गेला असेल आणि मी तुला नुसतं "भट्टी नीट चाललीय" एवढंच सांगितलं असेल. बाकीचं फोनवर बोलायला गेले की तू "आई, ऐक ना" म्हणून मध्ये शिरतेस आणि माझं राहून जातं. कागदावर तुला मध्ये शिरता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

गेल्या रविवारी तू विचारलंस, "आई, ते मागे सारखं काय चालू-बंद होतंय?" मी म्हटलं, वारा असेल. साफ खोटं बोलले. तळघरातली घर तापवणारी गॅसभट्टी नाताळापासून चाळे करत होती. पेटायची, जेमतेम चार मिनिटं जळायची, विझायची, मग पंखा नुसताच फुंकत राहायचा आणि पुन्हा खट्‌कन पेटायची. बाहेर उणे तीस, आणि मी दोन स्वेटर चढवून, तुझ्या बाबांची लोकरी टोपी घालून भांडी घासतेय! तुला सांगणार तरी कसं? ऑक्टोबरात मीच तोऱ्यात शब्द देऊन बसले होते, की या हिवाळ्यात भट्टीने दगा दिला तर घर विकून फिनिक्सला तुझ्याकडे येईन. पण वारा तुला पटलाच नाही. तू बरोबर तोच शब्द काढलास आणि म्हणालीस, दलालाला सांगून ठेवते. मी एक आठवडा मागून घेतला. तू "बरं" म्हणालीस, पण हट्टी लेकराला म्हणतात तसं. मला त्याचा इतका राग आला की फोन ठेवला आणि तशीच जिना उतरून तळघरात गेले.

सोमवारी सकाळी बादली पालथी घालून भट्टीसमोर बसले, मांडीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ. अर्ध्या तासात पाच वेळा पेटली आणि पाच वेळा विझली. पहिल्यांदा फिल्टर बदलला. त्यात एवढी धूळ होती की त्यातून उशी भरता आली असती. वाटलं, जिंकले! दहा मिनिटांनी पुन्हा खट्‌. मंगळवारी बाहेर जाऊन धुराच्या नळीभोवतीचा बर्फ फावड्याने काढला. हो, मीच काढला. शहात्तर वर्षांच्या बाईने फावडं हातात घेऊ नये, हे तुझं म्हणणं मला पाठ आहे, परत सांगू नकोस. तरी काही फरक नाही. बुधवारी समोरच्या रेइनोला हाक मारली. एक्क्याऐंशीचा झालाय, गुडघे गेलेत, पण खाणीत चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. आल्या आल्या म्हणाला, "इल्मा, आधी कॉफी, मग भट्टी. मेलो तर निदान कॉफी पिऊन मरेन." गॅस आणि वीज बंद करून आम्ही ज्योत पेटलीय की नाही ते ओळखणारी बारकी सळई काढली, तारेच्या काथ्याने घासून लख्ख केली, परत बसवली. भट्टी पेटली, चार मिनिटं जळली आणि विझली. त्या क्षणी मला रडू आलं, ऐली. लपवत नाही. रेइनो भिंतीकडे बघत बसला, भला माणूस आहे.

मग त्यालाच आत लुकलुकणारा लाल दिवा दिसला. चार वेळा लुकलुक, थांबायचा, परत चार वेळा. झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला असतो, त्यावर बोट ठेवून मी वाचलं: चार म्हणजे भट्टी फार तापलीय. मी म्हटलं, "वा गं बाई! मी इथे गारठून मरतेय आणि हिला उकडतंय!" रेइनो हसला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "इल्मा, तू या घरात राहतेस तरी किती खोल्यांत?"

दीड. स्वयंपाकघर, आणि बैठकीतला कोच. बाकी सगळ्या खोल्यांच्या फरशीतल्या, गरम हवा येण्याच्या जाळ्या बंद. आपल्या गावात सगळेच करतात ना तसं: पोर घराबाहेर पडलं की त्याच्या खोलीची जाळी बंद करायची, दाराखाली जुना टॉवेल कोंबायचा, रिकाम्या खोलीला ऊब द्यायची कशाला? तुझा भाऊ नौदलात गेला तेव्हा त्याची खोली मिटली, तू लग्न करून गेलीस तेव्हा तुझी. जुनी कोळशाची भट्टी होती तोवर ते चालून गेलं. पण ही नवी पंखेवाली. रेइनो म्हणाला, "ती बिचारी अख्ख्या घराची हवा तापवते आणि तू तिला दीड खोलीपुरती वाट देतेस. ऊब जाणार कुठे? तिथल्या तिथे तापते, आणि जळू नये म्हणून विझते. एरवी थोडं जळून भागायचं, या कडाक्यात भागत नाही." एवढा तरबेज माणूस, पण त्याच्याही घरातल्या तीन जाळ्या बंदच निघाल्या, हे मागून कबूल केलंन.

तुझ्या भावाची खोली लगेच उघडली, तुझीही उघडली. भट्टी सात मिनिटं चालली. रेइनो म्हणाला, अजून एक कुठलीतरी बंद आहे. मला माहीत होतं कुठली ते. आमची झोपायची खोली बाबा गेले त्या आठवड्यात मी मिटली, दोन वर्षं झाली. तुला मी सांगत आले की कंबरेसाठी कोच बरा पडतो. तेही खोटं. रेइनोला घरी पाठवलं आणि काल दुपारी एकटी आत गेले. जाळी बाबांच्याच बाजूला आहे, ते तिच्यावर मोजे वाळत घालायचे आणि मी कटकट करायचे. ती गंजून घट्ट बसली होती, पकडीने उचकटावी लागली. आत त्यांचा एक राखाडी मोजा पडलेला. त्या मोज्यावरून आम्ही एकदा आठवडाभर भांडलो होतो, ते म्हणत होते, तूच हरवलास. मी जमिनीवर बसून पोटभर रडले, मग उठून चादरी बदलल्या. काल रात्री पलंगावर झोपले. भट्टी आता पंधरा-पंधरा मिनिटं सलग चालते आणि दमाने थांबते. तेव्हा दलालाला नाही म्हणून सांग. मी कुठेही येत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. गेल्या रविवारी तुला माझी भट्टी ऐकू आली ती कशी, याचा मी आठवडाभर विचार करतेय. रविवारी तुझ्या मागे नेहमी टीव्हीवर सामना असतो आणि माझा जावई डेल असा ओरडत असतो की मला तू ऐकू येत नाहीस. गेले तीन महिने तो आवाज नाही. तुझं घर इतकं गप्प आहे, की दीड हजार मैलांवरच्या माझ्या तळघरातलं खट्‌ तुला ऐकू आलं. डेल घर सोडून गेलाय ना, पोरी? मी तिथे यावं म्हणून तू एवढी मागे लागलीस, ती माझ्या काळजीने नव्हे. एकटीला ते घर खायला उठतं, हे मला नको का कळायला, मीच दीड खोलीत राहून बसले होते? सांगायचं नसेल तर सांगू नकोस, मी विचारणार नाही. पण ये. तुझ्या दाराखालचा टॉवेल मी काढून धुतलाय, जाळी सताड उघडी आहे, आणि तुझी खोली बुधवारपासून गरम आहे.

हट्टी, पण तुझीच,
आई