कोक-बेल खिंडीसाठी चष्मा

आदरणीय केनेश दाजी यांना डोंगराच्या या अंगाकडून अशिमकुल मेव्हण्याचा सलाम. तुमची तब्येत, ताईचे गुडघे, नातवंडांचे दात आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट, सगळं धडधाकट असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल. यंदा कोकरं भरपूर झाली आणि बहुतेक जगली. बुरुल खुशाल आहे आणि माझ्याशी बोलते आहे. (मध्ये दोन दिवस बोलत नव्हती, त्याचं कारण पुढे येईलच.) हे पत्र सहज लिहितो आहे. काही मागायचं आहे म्हणून नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझं पत्र आलं की तुम्ही शेवटाकडून वाचायला घेता असं ताई म्हणत होती.

गेल्या मे महिन्यात उन्हाळी कुरणावर जाताना काय झालं ते तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचलं असेलच. मी बिनतिखटाचं सांगतो. खिंडीत ताजं बर्फ, वर लखलखीत ऊन, आणि मी दिवसभर उघड्या डोळ्यांनी कळपाच्या पुढे. (टोपी होती. पण बर्फावरचं ऊन खालून येतं, त्याला टोपी बिचारी काय करणार?) संध्याकाळी डोळ्यांत कुणी मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं. पुढचे दोन दिवस मी डोळ्यांना फडकं बांधून घोडीवर बसलो आणि लगाम बुरुलच्या हातात. चारशे मेंढ्या, आठ घोडे आणि एक नवरा असा सगळा लवाजमा तिने पलीकडे नेला. एकही कोकरू हरवलं नाही. हे मला सगळ्या गावाने सांगितलं, काही जणांनी दोनदा. तर यंदा ओस्मोनाली आजोबांचा निरोप आला. खिंडीत पुढे कोण चालणार ते आमच्याकडे तेच ठरवतात. (वय चौऱ्याऐंशी, कान माझ्यापेक्षा तिखट.) म्हणाले, अशिमकुलने डोळ्यांची नीट सोय करून मला दाखवावी, नाहीतर ट्रकात बसून कढया आणि म्हाताऱ्यांबरोबर लांबच्या रस्त्याने यावं. दाजी, एकतीस वर्षं मी पुढे चालतो आहे.

म्हणून आधी नारीनच्या बाजारात गेलो. दुकानदाराने एक काळाकुट्ट चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि म्हणाला, "काका, आता सूर्यच तुम्हाला घाबरेल." आरशात पाहिलं तर मी एखाद्या मंत्र्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसासारखा दिसत होतो. खूश होऊन दिवसभर तो घालून वरच्या बर्फात फिरलो आणि संध्याकाळी डोळे पुन्हा लालबुंद. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरगी वयाने माझ्या खोगिराहून लहान असेल, पण हुशार. तिने चष्मा एका छोट्या यंत्रापुढे धरला आणि हसू दाबत म्हणाली, "काका, हा नुसता अंधार करतो हो. अंधारात बाहुली मोठी होते आणि वाईट किरणं जास्तच आत शिरतात. याच्यापेक्षा डोळे मिटून चाललात तरी चालेल." मग कागदावर लिहून दिलं: किरणं अडवणारी काच हवी, कडेने बंद हवी, चेहऱ्याला नीट बसायला हवी, आणि पायाखालची वाट दिसणार नाही इतकी काळी नको. आणखीही काहीबाही म्हणाली, पण ते फारसं महत्त्वाचं नाही.

मग आठवलं, तुमच्या मुलाने, बाकितने, बर्फावर घसरायला जाणाऱ्या लोकांचा तो मोठा चष्मा पाठवला होता. कडेने बंद, गुबगुबीत, बाहेरून नारिंगी आरसा. चष्म्यात दोष काढायला जागा नाही. (बाकितला माझे आशीर्वाद कळवा.) पण तो निवडणाऱ्याने आमच्या जनावरांना विचारलं नव्हतं. मी गोठ्यात शिरताच आमचा बोरबास कुत्रा, ज्याला मी पिल्लू असताना अंगरख्यात घालून वाढवला, तो मला ओळखेना. भुंकून भुंकून त्याचा घसा बसला. कळपापुढे चालणारा आमचा बोकड तुम्हाला माहीत आहे. त्याच्या गळ्यातली घंटा सोडवायला मी वाकलो, तर त्याला माझ्या तोंडावर दुसरा बोकड दिसला. असा अपमान तो कसा सहन करणार? माझ्या कपाळावर अजून टेंगूळ आहे. चष्म्याला मात्र ओरखडाही नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

तिसरा चष्मा गावातल्या वेल्डर जुमाशचा, वेल्डिंगचा. लोखंड वितळताना बघता येतं तर बर्फाची काय कथा, असा माझा हिशेब. तो घालून गावातून घोडी हाकली. जग हिरवट काळं झालं होतं आणि फक्त मोठमोठे आकार कळत होते. त्यात ओस्मोनाली आजोबांच्या अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा दिसला आणि भोवती माणसं. गावातल्या अंगणात असा अवेळी तंबू दिसला की काय समजायचं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आजोबा गेले! रीतीप्रमाणे घोडी दौडवत, खोगिरावर एका बाजूला कलंडत, मोठ्याने टाहो फोडत अंगणात शिरलो. "अरे माझ्या डोंगरा! अरे माझ्या आधारा! आता मला कळपाच्या पुढे कोण उभा करणार? मला बायकोच्या हाताखाली टाकून कुठे गेलास रे?" (गळा चांगला लागला होता. खरं दुःख होतं, दाजी.)

माझ्याबरोबर कुणीच रडेना. मी चष्मा काढला. तंबू कुरणावर नेण्याआधी डागडुजीसाठी उभा केला होता. सात-आठ बायका नमदा शिवत बसल्या होत्या. त्यांत दाभण हातात धरून बुरुल. आणि तंबूच्या दारात, चहाची वाटी घेऊन, स्वतः ओस्मोनाली आजोबा.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, आजोबा," मी म्हणालो.

"अस्सं? मग थांबलास कशाला? चांगलं चाललं होतं. त्या डोंगराच्या पुढचं ऐकू दे."

बुरुल एवढंच म्हणाली, "अहो, उतरा खाली." त्यानंतरचे दोन दिवस ती काय बोलली नाही ते वर लिहिलंच आहे.

आजोबांनी मला शेजारी बसवलं, चहा दिला, वाळवलेल्या दह्याचा गोळा हातावर ठेवला. म्हणाले, "तुझ्या बापाची ती जाळी कुठे आहे? घोडीच्या शेपटीच्या केसांची, डोळ्यांवर बांधायची? तुझ्या आईने विणलेली. तो सत्तर वर्षांचा होईतो खिंड ओलांडत होता, डोळ्यातून टिपूस नाही." मी म्हणालो, ती बिश्केकला आहे, दाजींच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर, खिळ्याला. आजोबांनी बराच वेळ चहा फुंकला. मग म्हणाले, "टीव्हीचे डोळे तरी शाबूत असतील."

असो. बावीस तारखेला कळप निघणार. बर्फ यंदा जास्त आहे, पण गवतही चांगलं येणार. ताईला सलाम, लिफ्टला जपा.

तुमचा,
अशिमकुल

ता. क. तुम्ही त्या जाळीला "वा, काय सुंदर" म्हणालात, म्हणून वडिलांनी आपल्या रीतीने ती लगेच तुमच्या हातात ठेवली. दिलेली वस्तू परत मागणं शोभत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून मागत नाही. फक्त पाठवून द्या.

ता. क. २. ताईला सांगून जाळीचे बंद चार बोटं कमी करून घ्या. ती बुरुलसाठी आहे. डॉक्टरीणबाई जे आणखी म्हणाल्या ते असं, की पुन्हा एकदा बर्फाने डोळे भाजले तर नजर पूर्ण परत येणार नाही. मला वाटलं होतं, चांगला चष्मा सापडला की ते बोलणं आपोआप खोटं ठरेल. पण त्या दिवशी निघताना आजोबा हळूच म्हणाले, गेल्या वर्षी तुझी बायकोही त्याच बर्फातून उघड्या डोळ्यांनी चालली, नंतर आठवडाभर लाल डोळ्यांनी दूध काढत होती. माझ्या डोळ्यांवर फडकं होतं, दाजी. मी पाहिलंच नाही. आणि ती बोलली नाही. म्हणून काल मीच जाऊन आजोबांना सांगितलं, यंदा पुढे बुरुल. कागदावर लिहिलेला चष्माही तिच्यासाठी आणला आहे. पण काच खिंडीत फुटली तर? आईची जाळी फुटत नाही. तिला अजून काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

ता. क. ३. जाळी पोस्टाने नको, तुम्ही स्वतः घेऊन या. ट्रकात एकटा पुरुष बसला की गाव हसतं. दोघे बसलो तर म्हणतील, कढया सांभाळायला जबाबदार माणसं आहेत.