सासूबाईंच्या मापाची पिशवी

३ मार्च, सोमवार

झालं! हाडांच्या डॉक्टरांनी सासूबाईंची मान इकडून तिकडे वळवून पाहिली आणि हुकूम सोडला — डोक्यावर ओझं बंद. नाहीतर बागकामच बंद.

"मग मला काय कुंडीत लावणार?" सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर हसले. मला नाही हसू आलं.

आम्ही दोघी लोकांच्या बागा राखतो. कचरा उचलायची त्यांची रीत एकच. जुनी चादर अंथरायची, छाटलेलं सगळं तिच्यावर लोटायचं, चार टोकांची गाठ मारायची आणि ते बोचकं डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर, टेंपोत. जन्मभर हेच.

आता त्या घरी बसल्या तर? मागे तापाने घरी होत्या तेव्हा स्वयंपाकघराची अशी उलथापालथ केली की मिठाचा डबा मला अजून सापडायचाय. पण थट्टा पुरे. लग्न होऊन आले तेव्हा मला गुलाब आणि जास्वंद यांतला फरक कळत नव्हता. सगळं त्यांनी शिकवलं, शिव्या घालून घालून. त्यांच्याशिवाय मला जमणार नाही. भीती वाटते, खरंच.

तेव्हा पिशवी शोधायची. हातात धरून नेता येईल अशी.

४ मार्च

काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी आणली. सासूबाईंनी एक पिशवी चिमटीत धरून चोळली. "कांद्याचं साल याच्यापेक्षा जाड असतं."

६ मार्च, गुरुवार

म्हातारीचं बरोबर होतं. तिला हे कळू नये म्हणजे मिळवली.

कोपऱ्यावरच्या बंगल्यात बोगनवेल छाटली. तिथल्या मालकिणीला आम्ही शुकशुकबाई म्हणतो, कारण इतक्या वर्षांत तिने आम्हाला दुसऱ्या कशाने हाक मारलेली नाही. पिशवी भरली, उचलली, आणि बुडातून काटे बाहेर! साळिंदरच! पायऱ्यांवर सडा. वरून दुसरी पिशवी चढवली, तीही फाटली. मग तिसरी.

नवरा म्हणतो, "पिशवीत पिशवी, पिशवीत पिशवी — मग कचरा कुठे भरलात?" स्वतः दिवसभर पंख्याखाली बसतो. ह्याचं काय जातंय बोलायला!

८ मार्च

गोणपाट. काटे सगळे पचवले, शाबास! पण गवत ओलं होतं आणि गोणीने पाणी असं पिऊन घेतलं की उचलताना आई आठवली. सासूबाईंनी माझं न ऐकता एक उचलली आणि मान धरून पायरीवर बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे किती दुखलं असेल!

गोणपाट बाद.

९ मार्च

सासूबाईंना चादर गुपचूप टेंपोत टाकताना पकडलं. "बसायला घेतेय गं." हो, चारी टोकांना गाठी मारून बसायला!

१२ मार्च, बुधवार

आज इज्जतीचा पंचनामा.

बांधकामवाले वाळू भरतात ती अगडबंब पिशवी आणली, चार पट्ट्यांची. पिशवीवाला म्हणाला, "ताई, यात म्हैस मावेल." मी म्हटलं, उत्तम! दोघींनी दोन-दोन पट्टे धरायचे, एका फेरीत काम फत्ते. भरत गेलो, भरत गेलो. मी तर आत उतरून पायांनी दाबलंसुद्धा! मग उचलतेय कोण? ओढत ओढत आणली.

शुकशुकबाईंच्या बागेतून फाटकाकडे यायला घर आणि कुंपण यांच्यामधला बोळ आहे. बोळाच्या मध्यावर पिशवी बसली बुचासारखी. मी फाटकाच्या बाजूला, सासूबाई बागेच्या. "ओढ!" "तुम्ही ढकला!" "मी ढकलायचं? माझ्या मानेला काय झालंय आठवतंय ना?" आता बरी आठवली मान!

शेवटी मी इकडून मुठीमुठीने पाला उपसत बसले. पलीकडून कपबशीचा आवाज. म्हातारी चहा पितेय! मालकिणीबरोबर!

"सावकाश चालू दे गं," पिशवीमागून आवाज आला. आधी असा राग आला, असा राग आला! मग हसू फुटलं आणि मी तिथेच फतकल मारली.

१३ मार्च

शुकशुकबाईंनी काल चहा पिताना विचारलं म्हणे, "तुमची सून नेहमी अशीच का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही, आज जरा बरी आहे."

१५ मार्च, शनिवार

इतके दिवस मी कचरा बघून पिशवी घेत होते. घ्यायची उचलणाऱ्याला बघून. अक्कल आली, उशिरा का होईना.

सासूबाईंनाच दुकानात नेलं. त्यांनी पिशवीवाल्याचा घाम काढला. पिशवी गुडघ्याच्या वर येता कामा नये. आपली आपण उभी राहिली पाहिजे, नाहीतर एक हात तिचं तोंड धरण्यात जातो. वीण जाड हवी. बाजूला दोन पट्टे, शिवाय उलटी करायला बुडाला एक. तो बुडाचा पट्टा दिसल्यावर म्हणाल्या, "शिवणाऱ्याने कधीतरी पाला उचललाय."

"आजी, मोठी न्या ना, जास्त मावेल."

"मोठी दिली की ही मोठी भरते."

मी हिरवी उचलली. "ठेव ती. गवतात टाकलीस की शोधत बसशील." केशरी घेतल्या. दोन.

१९ मार्च

जमलं! सासूबाई दोन हातांत दोन अर्ध्या भरलेल्या पिशव्या घेऊन चालतात, मान ताठ, पोलिसासारख्या. फेऱ्या वाढल्या, कण्हणं थांबलं. खुशीत मीच शुकशुकबाईंना "शुक शुक" केलं. त्यांनी ओ दिली!

२४ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, मान सुधारतेय, हाताने उचलताय तोवर काम करा. सासूबाई म्हणाल्या, "करणारच होते." मी बाहेर येऊन थोडी रडले. डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं. कचऱ्याचाच धंदा आहे, पटलं असावं.

२५ मार्च

सकाळी सासूबाई एक केशरी पिशवी घेऊन दारात उभ्या. "समोरच्या शाळेची बाग धरलीय मी. एकटीने. तिथे पाल्याला मागेच खड्डा आहे, टेंपो नको."

"आणि मी?"

"मान ओझ्याने नव्हती गं दुखत. तू नीट कापतेस की नाही ते बघायला सारखी मागे वळायचे, त्याने दुखायची. आता नाही बघावं लागत."

आणि गेल्यासुद्धा.

शुकशुकबाईंचे गुलाब आज एकटीने छाटले. दिवसभर मागे वळून बघत होते. मान दुखतेय माझी.